गिअरबॉक्स बाहेर देणारे मेस्त्री

"हे मला येत न्हाय," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा मेकॅनिक मी आयुष्यात एकच पाहिला. पास्कू मेस्त्री. मिरा रोडच्या पेणकरपाड्यात दोन इमारतींच्या मधे त्यांची पत्र्याची शेड होती. इंजिन, ब्रेक, क्लच सगळं ते स्वतः करत, पण गिअरबॉक्सचं काम निघालं की हात पुसत, अजिबात न लाजता सांगायचे, "हे मला येत न्हाय. हे रफिकचाचा करतात. मी फक्त काढून नेतो आणि आणून बसवतो."

मी फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. मिरा रोड, भाईंदर, कधी उत्तन असं दिवसभर फिरायचं, म्हणून एक जुनी गाडी घेतली होती. दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला, तेव्हा शेजारच्यांनी मेस्त्रींचं नाव सांगितलं. काम बाहेर देतात म्हटल्यावर माझा भाऊ उखडलाच. "म्हणजे हा नुसता मधला माणूस! आतलं काय बदललं, काय नाही, तुला कळणार तरी आहे का?"

हे मी जसंच्या तसं मेस्त्रींना विचारलं. त्यांना राग आला नाही. "बरोबर बोलतो भाऊ. तुमी या ना माझ्याबरोबर. ज्याच्या हातात गाडी देता तो मानूस बघा." गिअरबॉक्स गोणपाटात गुंडाळून त्यांनी रिक्षात मांडीवर घेतला आणि मी शेजारी बसले. वाटेत खड्डा आला की ते दोन्ही हातांनी तो उचलून धरत. रिक्षावाल्याला म्हणाले, "भाई, धीरे. अंदर पेशंट है."

रफिकचाचांचं दुकान भाईंदर पूर्वेला, एका बोळात. सत्तरीचे असतील. मेस्त्रींनी उमेदवारी केलेल्या गॅरेजमध्ये ते त्यांचे वरिष्ठ होते. चाचांनी गिअरबॉक्स उघडला, एकेक चक्र फडक्यावर मांडलं आणि झिजलेले दात माझं बोट धरून दाखवले. नंतर चहा आला. कप बशीवरून उचलताना त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप आला. माझ्या डोळ्यांना तो लगेच दिसला. ते तर माझं रोजचंच काम. पण पहिल्याच भेटीत वडीलधाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं, म्हणून मी गप्प बसले.

गाडी उत्तम झाली. तीन आठवडे मी भावाला टोमणे मारत होते. चौथ्या आठवड्यात उत्तनजवळच्या डोंगरीला एका पेशंटकडे निघाले होते. चढावर दुसरा गिअर सुटला आणि गाडी मागे घरंगळायला लागली. मागे शाळेच्या मुलांनी भरलेली रिक्षा होती. जीव खाऊन ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तेव्हा गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर थांबली. मुलांना वाटलं गंमत झाली. ती हसत होती. मी हँडब्रेक तसाच ओढून ठेवला आणि मेस्त्रींना फोन लावला.

मेस्त्री अर्ध्या तासात आले. गाडीला हात लावण्याआधी त्यांनी मला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी शेडवर बोलावून घेतलं, तेव्हा ते बाकावर मान खाली घालून बसले होते.

"रात्री गिअरबॉक्स उघडून बघितला. आतली एक रिंग तिरकी बसली होती," ते म्हणाले. "पन चूक चाचांची न्हाय, माझी हाय. त्यांचा हात कापतो हे मला दोन महिन्यांपासून म्हाईत होतं. त्यांना वाईट वाटेल म्हनून बोललो न्हाय. त्यांच्या मानापायी तुमचा जीव लावला मी पनाला."

मी घरून भरपूर बोलायचं ठरवून आले होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मेस्त्री, मीही पाहिला होता तो कंप. चहा पिताना. मीही बोलले नाही."

त्यांनी वर पाहिलं. मग दोघंही उठलो आणि चाचांकडे गेलो.

तिथे ते कसं सांगतील याची मला धास्ती होती. मेस्त्रींनी ती रिंग चाचांच्या पुढ्यात ठेवली आणि चढावर काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. चाचांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली. त्यांना सगळं कळलं. "बच्चे थे पीछे?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "पास्कू, आज से मैं नहीं खोलूँगा."

"तुमी खोलू नका," मेस्त्री म्हणाले. "मी खोलतो. तुमी खुर्चीत बसून सांगायचं. आज माझी शिकवनी सुरू."

छप्पन्नाव्या वर्षी त्या माणसाने पुन्हा उमेदवारी धरली, आणि सुरुवात माझ्याच गाडीपासून केली. चाचा खुर्चीतून ओरडत, "अरे, ज़बरदस्ती मत कर!" आणि मेस्त्री नापास होणाऱ्या मुलासारखे खालमानेनं ऐकत. तो गिअरबॉक्स त्यांनी तीनदा उघडला आणि तीनदा लावला. मग त्याच चढावर मला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली आणि उतरल्यावरच किल्ली माझ्या हातात दिली. चाचांना मी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. कंपवात निघाला. औषध सुरू झालं, हातांचे व्यायाम मी घ्यायचे, तेही मेस्त्रींच्या शेडमध्येच, टायरच्या चळतीशेजारी.

पुढे चार वर्षं गाडीचं सगळं काम त्यांच्याकडेच होतं. नंतर शेडची जागा इमारतीत गेली. मेस्त्री डोंगरीला घरी बसले, चाचा मुलीकडे राहायला गेले. गाडी जरा कुरकुरली की मी फोन लावायचे, आणि मेस्त्री म्हणायचे, "डॉक्टरबाई, फोन गाडीजवळ धरा. आता रेस द्या." ऐकूनच ते दुखणं सांगत.

या वर्षी ते गेले. छातीत दुखलं आणि हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं. मला दोन दिवसांनी कळलं. भेटायला गेले, तेव्हा त्यांची बायको सिसिलीबाई ओट्यावर बसली होती. तिने माझा हात धरून ठेवला.

मग तिने विचारलं, "गाडी कोनाला दाखवतेस आता?"

"कोणालाच नाही अजून."

ती आत गेली आणि कॅलेंडरचा एक फाटका तुकडा घेऊन आली. त्यावर मेस्त्रींच्या वाकड्या अक्षरात मला अनोळखी अशा एका मेकॅनिकचं नाव आणि पत्ता होता, भाईंदर पूर्वेचा. खाली लिहिलं होतं : 'डॉक्टरबाईंना द्या. मानूस खरा हाय. मी स्वता जाऊन बघून आलो.'

"दम लागत होता त्याला," सिसिलीबाई म्हणाली. "तरी बसने गेलता. तीन दुकानं फिरला."