सायलेन्सरचं माप

गाडी घेतली तेव्हा मला सॉफ्टवेअर कंपनीत दोन वर्षं झाली होती आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आपल्याएवढा शहाणा कोणी नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. गाडी पांढरी, छोटी, आधी दोघांनी वापरलेली. चार महिन्यांत तिचा सायलेन्सर कुजला. सकाळी किल्ली फिरवली की चौथ्या मजल्यावरची तान्ही बाळं उठायची. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘पार्किंगमध्ये रणगाडे लावू नयेत.’ खाली सही नव्हती, पण अक्षर सेक्रेटरींचं होतं.

वडील म्हणाले, जुन्या बाजारात चांगला वापरलेला मिळतो, फक्त माप नीट घेऊन जायला हवं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते आणि घरात त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ‘चला, रविवारी जाऊ’ म्हणालो, तर शनिवारीच त्यांनी हत्यारांची पेटी पुसून ठेवली.

मी माझ्या परीने ऑफिसच्या इंटरनेटवर गाडीचं मॉडेल आणि साल शोधून छापील कागद आणला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गाडीखाली शिरले.

“एकाच सालात दोन तऱ्हेचे बसवलेले असतात,” आतून आवाज आला. “कंपनी मधेच बदल करते. तुझ्या कागदाला कळवत नाही.”

कुजलेला सायलेन्सर त्यांनी उतरवला. तोच सोबत नेऊ, शेजारी ठेवून ताडून पाहता येईल, असं त्यांचं म्हणणं. गंजकी नळी खांद्यावर घेऊन बाजारातून फिरायची मला लाज वाटली. मी नको म्हणालो. मग त्यांनी पुढच्या टोकाच्या चपट्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, वर्तमानपत्राचा तुकडा दाबून अंगठ्याने घासला. काजळीने बोल्टच्या भोकांचा ठसा कागदावर उमटला. नंतर पाइपाच्या वळणावळणाने सुतळी नेली आणि तीन गाठी मारल्या. पहिली फ्लँजशी, दुसरी जिथे डबा सुरू होतो तिथे, तिसरी त्या कडीशी, जिच्यात रबर अडकवून सायलेन्सर गाडीच्या तळाला टांगतात. दोन जुळल्या आणि तिसरी नाही तरी उपयोग नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

रविवारी माझ्या स्कूटरवरून कसब्याच्या पलीकडे जुन्या बाजारात गेलो. वडील एकेका सायलेन्सरपुढे उकिडवे बसत. बोटाच्या पेराने ठोकून कान लावत. पत्रा आतून खाल्लेला असेल तर आवाज बद्द येतो. मग उचलून हलवत. आतले पडदे सुटले असतील तर खुळखुळतात. विकणारा म्हणत होता, “काका, डोळे झाकून न्या.” वडील म्हणाले, “डोळे झाकायला घरी पलंग आहे.” ते मजेत होते. इतके मजेत मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

पाचवा सायलेन्सर पसंतीला उतरला. ठसा तंतोतंत बसला. सुतळी लावली, पहिली गाठ जुळली, दुसरीही जुळली. तेवढ्यात मागून कोणी माझ्या पाठीवर थाप मारली. माझा टीम लीडर. गळ्यात कॅमेरा, जुन्या लेन्स धुंडाळायला आला होता.

“अरे, तू इथे? सेकंडहँड सायलेन्सर? रिस्की नाही का?”

“चेक करून घेतोय,” मी म्हणालो.

त्याने खाली पाहिलं. वडिलांच्या अंगात कारखान्यातला जुना खाकी शर्ट होता, हात कोपरापर्यंत काळे. नमस्कार करायला म्हणून ते हात पुसत, हसत उठायला लागले.

“मेकॅनिक आहेत,” मी म्हणालो. “ओळखीचे.”

ते अर्धवट उठले होते, ते पुन्हा खाली बसले.

“लकी आहेस,” टीम लीडर म्हणाला. “चांगला माणूस मिळत नाही, यार. काका, तुमचा नंबर द्या ना मला.”

वडिलांनी मान वर केली नाही. म्हणाले, “साहेबांकडे आहे माझा नंबर.”

त्या क्षणी मी काही बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की इथून निघायचं. “बास झालं, घेऊन टाका,” मी म्हणालो. तिसरी गाठ राहिली होती आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“तुम्ही म्हणाल तसं,” ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही म्हटलं.

स्कूटरवर ते मागे सायलेन्सर मांडीवर आडवा धरून बसले होते.

घरी येऊन ते गाडीखाली शिरले. फ्लँज बसला, डबा बसला, कडी मात्र चार बोटं पुढे आली. आईने विचारलं, “एवढं माप घेऊनही चुकलं कसं?” वडील रॉकेलने हात धूत होते. म्हणाले, “मीच घाई केली.”

मी तिथेच उभा होतो. तेव्हाही गप्प राहिलो. बाजारातलं बोलणं एक वेळ तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे गप्प राहणं मी विचार करून केलं.

मंगळवारी मी चहा पीत असताना ते जवळ येऊन बसले.

“उद्या बुधवार, बाजार भरतो. तो माणूस बदलून देईल. मी बसने जाऊन येतो, जुना सायलेन्सरच घेऊन जातो सोबत. तू ऑफिसला जा.”

“बरं,” मी म्हणालो.

ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

“बुधवारी तुझ्या ऑफिसातलं कोणी येत नाही ना तिकडे?”

टोमणा नव्हता तो. माझा जन्म पुण्यात गेला आहे, टोमणा मला दोन गल्ल्यांवरून ओळखू येतो. माझी अडचण होऊ नये म्हणून त्यांना खरोखरच माहिती हवी होती.

“नाही,” मी म्हणालो. “कामाचा दिवस असतो.”