पडद्यावरचा आवाज

स्पेनमधल्या झारागोझा शहरातल्या नाटकघरांत सर्वात वरच्या माळ्याला आम्ही खुराडं म्हणतो. खुराड्यातल्या लोकांना नाटक आवडलं नाही, तर ते ओरडत नाहीत, बुटांनी फळ्या बडवतात. भल्याभल्या नटांनी त्या आवाजाचा धसका घेतलेला आहे. पन्नासच्या दशकात एका ऑक्टोबरात, पिलारमातेच्या उत्सवात, विसिता लाकाये हिच्या मुख्य भूमिकेतल्या पहिल्या प्रयोगाआधी कंपनीच्या मालकाने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "इथे पाय वाजले, तर पुढे माद्रिदच्या प्रयोगांना दुसरी बाई उभी करीन. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

विसिता फिरत्या नाटक कंपनीत जन्मली. आई लवकर गेली. वडील उर्सिसिनो आधी नट होते. पुढे जवळचं तेवढंच दिसू लागलं, तेव्हा ते प्रॉम्प्टर झाले. रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळीखाली असलेल्या भोकात, टोपलीएवढ्या झाकणाच्या आडोशाला बसून ते सगळ्यांना संवाद पुरवत. त्या काळी आठवड्याला नवं नाटक लागे. पाठांतराला कुणाला वेळ नसे. नट प्रॉम्प्टरच्या कुजबुजीवर जगत. विसिता चालायला शिकली तेव्हापासून वडिलांच्या कुजबुजीवर बोलत आली.

तिचा आवाज लहानपणापासून घोगरा होता. बाजारात मासे विकणाऱ्या बाईला शोभावा असा. त्यामुळे तिच्या वाट्याला मोलकरणी, गुराखी, चोर अशाच भूमिका यायच्या. चेहरा मात्र कोवळा होता. तो पाहून एका दिग्दर्शकाने तिला सिनेमात घेतलं.

आमच्याकडे तेव्हा सिनेमाचे संवाद चित्रीकरणानंतर, बंद खोलीत भरत. त्या कामाला विसिताला कुणी बोलावलं नाही. पहिला सिनेमा ती वडिलांसोबत पाहायला गेली. पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि चांदीच्या घंटीसारखा पातळ, गोड आवाज आला.

"ही कोण बोलतेय तुझ्या तोंडातून?" उर्सिसिनोंनी विचारलं.

"बाबा, हळू. लोक रडतायत."

"रडू देत. मी विचारतोय, कोण?"

"बार्सिलोनाची कुणीतरी. आता गप्प बसा ना."

नंतरच्या सगळ्या सिनेमांतही तोच आवाज राहिला. पोस्टकार्डांवर विसिताचा फोटो विकला जाऊ लागला, आणि मग एका मोठ्या नाटक कंपनीच्या मालकाने तिला मुख्य भूमिका दिली. भिंतींवर जाहिरातीचे कागद लागले: सिनेमातली विसिता, समोरासमोर. वडिलांना प्रॉम्प्टर म्हणून घेण्याची तिची अट मालकाने मान्य केली. त्याची स्वतःची अट एकच होती: आवाज सिनेमातलाच हवा.

विसिता दुपारच्या खेळांना जाऊन स्वतःचेच सिनेमे पाहू लागली. अंधारात बसून ती त्या अनोळखी बाईची नक्कल करायची. शेजारचे प्रेक्षक चुकचुकायचे. एका म्हातारीने तर तिला दटावलं, "जरा ऐकू देशील का आम्हाला? ती किती छान बोलतेय, आणि तू काय कुरकुर लावलीयेस!"

तालमीत तो आवाज जमला. मालक खूश झाला. उर्सिसिनो घरी म्हणाले, "पिसं उपटलेल्या चिमणीसारखी बोलतेस."

"तुम्ही ओळ द्या, बाबा. आवाजाचं मी बघते."

पहिल्या अंकात टाळ्या पडल्या. लोक चेहऱ्याला ओळखत होते, आवाजालाही ओळखत होते. दुसऱ्या अंकात नायिका, एका पाववाल्याची विधवा, मुलाला सोडवण्यासाठी न्यायाधीशासमोर उभी राहते. इथे लांबलचक भाषण होतं. पातळ आवाज चौथ्या रांगेपलीकडे पोचेना.

"ए बाई, खुराड्यालाही कान आहेत!" वरून कुणी ओरडलं.

"न्यायाधीशाला तरी ऐकू येतंय का, विचारा त्याला!" दुसरा म्हणाला. हशा पिकला. विसिताने आवाज चढवला, तर तो चिरकला. आणि वर एक बूट वाजला. मग दुसरा. न्यायाधीश झालेला नट खाली मान घालून कागद चाळू लागला. विंगेत मालक दोन्ही हातांनी खुणावत होता: गोड, गोड.

विसिताने पुढच्या ओळीसाठी भोकाकडे पाहिलं. ओळ आली नाही.

तिला वाटलं, बुटांच्या आवाजात ऐकू आलं नसेल. ती भोकाच्या दिशेने पाऊलभर सरकली. उर्सिसिनो संहितेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते.

"बाबा, ओळ," ती ओठ न हलवता म्हणाली.

"तुझ्या आवाजात बोलणार असशील तर देतो."

"बाबा, माद्रिद जाईल माझं."

"फळ्या ऐकतेयस ना? ते आत्ताच जातंय."

आता सगळा माळा थडथडत होता. छतातून धूळ पडत होती. तिला पुढचा एक शब्दही येत नव्हता, आणि तो ज्याच्याकडे होता तो देत नव्हता. ती घसा खाकरली. ते घोगरं खाकरणं पहिल्या रांगेपर्यंत स्पष्ट गेलं. ताबडतोब खालून ओळ आली: माझा मुलगा चोर नाही, महाराज, तो भुकेला आहे.

तिने ती ओळ मासेवालीच्या आवाजात मारली. बूट थांबले, ते आधी नवलाने.

"आता ही आणि कोण?" वरून प्रश्न आला.

"कोण का असेना, ऐकू येतंय. गप की!"

अंक पुरा झाला. शेवटच्या पडद्याला खुराड्याने टाळ्या दिल्या. खालच्या महागड्या खुर्च्यांवरचे लोक मात्र हातमोजे चढवत निघून गेले. ते सिनेमातल्या विसितासाठी आले होते. मालक विंगेतच म्हणाला, "उत्सव संपेपर्यंत कर. माद्रिदला दुसरी येईल."

"पाय तर थांबले ना, मालक?"

"पण वाजले की नाही?"

त्या रात्री घरी येताच तिने खोलीचं दार लावून घेतलं. उर्सिसिनोंनी रश्श्याचं भांडं तिच्या दाराशी ठेवलं आणि ते झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला पडदा उघडण्याआधी विसिता भोकापाशी वाकली.

"बाबा, आज झोपलात तरी चालेल."

"म्हणजे?"

"रात्री जागून सगळं पाठ केलंय मी. तिन्ही अंक."

पुढे तिने सिनेमा सोडला. घोगऱ्या आवाजाच्या बायकांच्या भूमिका करत ती म्हातारी झाली आणि तिने पुन्हा कधी कुणाकडून ओळ घेतली नाही. उर्सिसिनो शेवटपर्यंत तिच्या प्रत्येक प्रयोगाला त्या भोकात बसत, संहितेवर बोट फिरवत. ती कुठे चुकते याची ते वाट पाहत, असं विसिता म्हणते. ती चुकली नाही.