हौसाची डावी कंबर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, जावयाला नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — त्याला माहीत असेल तर असेल, मी होऊन सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. समोरच्याच्या तोंडाकडं बघून खरं बोलणं मला कधी जमलंच नाही.

चौथी शिकलोय. अक्षर वेडंवाकडं, त्यात बोटंही वाकडी. पेनाला चिंधी गुंडाळून ते जाड केलंय, तेव्हा कुठं हातात राहतं. थोडं लिहिलं की हात गरम पाण्यात धरायचा, मग पुढचं. त्यामुळं मधेच कुठं तुटल्यासारखं वाटलं तर समजून घ्या — तिथं पाणी तापत होतं.

माझी बायको हौसा. ती गेली. लोक म्हणतात म्हातारा दुःखानं गप झालाय. दुःख आहेच. पण दुःख चारचौघांत दाखवता येतं, लोक येऊन शेजारी बसतात. त्याच्या खाली जे आहे ते कुणाला दाखवू?

माझा धंदा म्हशींचा. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून बांधतात, आणि गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं असतं. त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेस वर आला की ग्लास हातात द्यायचा. तालमीतली पोरं, नोकरदार माणसं, पावणेरावळे, सगळे यायचे. तिथं माणसाची किंमत त्याच्या मुठीवर. मूठ अशी पाहिजे की धारेचा आवाज रस्त्यापलीकडं जावा. माझा जायचा. बढाई नाही मारत — बरं, मारतोय. आता मारून घेऊ द्या.

नव्वद सालानंतर कधीतरी हात धरायला लागले. सकाळी उठलं की बोटं लाकडासारखी. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, हा वयाचा नाही, रक्तातला आहे. गोळ्या चालू ठेवायच्या, बरा होणार नाही, सांभाळायचा. मी घरी येऊन हौसाला सांगितलं आणि वर बजावलं, की हे ह्या घराबाहेर गेलं तर बघ. ती म्हणाली, "अवो, आजार झालाय, चोरी न्हाय केली." मी तिला गप केलं. तिला गप करणं मला फार चांगलं जमायचं.

सकाळची धार मग तीच काढायची, गोठ्यात, आतून कडी लावून. संध्याकाळपर्यंत बोटं जरा सैल व्हायची, तेवढ्यावर मी कट्टा रेटत होतो. आणि एक दिवस व्हायचं ते झालं. ओळखीचा एक जुना पैलवान ग्लास घेऊन उभा. मी सडाला हात घातला आणि मूठ मिटेना. धार तिरकी गेली, पैलवानाच्या धोतरावर. म्हशीनं पाय झाडला, दुधाची चरवी लवंडली. लोक हसले. शेजारी रंगा बसला होता. रंगा म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि कट्ट्यावरचा वैरी. त्याच्या दोन म्हशी, माझ्या दोन, आणि कुणाची धार मोठी ह्यावर आमची रोज भांडणं. तो ओरडला, "काय लेका, हाताला मेंदी लावून आलाईस काय?"

आता बघा. तिथं मला एक वाक्य बोलायचं होतं — रंगा, हात चालत नाही. एवढंच. काय बिघडलं असतं? चार दिवस चेष्टा झाली असती. पण माझ्या तोंडातून काय निघालं? "जागरण झालंय रं. हौसाच्या कमरेनं धरलंय. घरचं सगळं मलाच बघाय लागतंय."

रंगाचं हसू तिथंच विझलं. मला बाजूला ढकललं आणि माझ्या म्हशीखाली बसला. "वैनी आजारी हाय आणि हितं कट्ट्यावर मरायला आलाईस व्हय? जा घरला. म्हशी मी आणून बांधतो." त्या दिवसापासून माझ्या दोन्ही म्हशी संध्याकाळी रंगा न्यायचा, धार काढायचा, हिशेबासकट आणून सोडायचा. वर्षानुवर्षं. "वैनीसाठी करतोय, तुझ्यासाठी न्हाय," असं मला रोज ऐकवून.

घरी येऊन मी हौसाला काय करून आलो ते सांगितलं. मला वाटलं, चिडेल. ती पिठाचा हात तसाच धरून उभी राहिली. मग हसायला लागली आणि म्हणाली, "कुठल्या बाजूला दुखतंय माझं, तेवढं सांगून ठिवा."

मी म्हणालो, डाव्या.

तेव्हापासून हौसा गल्लीत डाव्या कमरेवर हात ठेवून चालायची. ठणठणीत बाई. घरात माझ्या शर्टाची बटणं लावायची, माझी भाकरी कुस्करून द्यायची, वैरण उचलायची, सकाळच्या धारा काढायची, शेण काढायची — आणि दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की डावा हात कमरेवर. तिच्या वाट्याला काम माझं आणि दुखणं पण माझं. आणि मला काय वाटायचं, सांगू? बरं वाटायचं. इज्जत राहिली म्हणून बरं वाटायचं.

गल्लीतल्या बायका तिच्या मदतीला यायच्या. कुणी नळावरनं पाणी आणून दे, कुणी दळण आणून दे, कुणी वैरणीचा भारा आत टाकून जा. त्यातलं निम्मं काम खरं तर माझं असायचं. आणि हौसा ती मदत घ्यायची कशी — हे मला लिहायलाच पाहिजे. ती कधी "नको" म्हणायची नाही. "कशाला तरास" म्हणायची नाही. "बरं झालं आलीस, बस की," म्हणायची, आणि काय करायचं ते सरळ सांगायची. ती घागर आधी आण, ही मागनं. येणाऱ्या बाईला वाटायचं, आपलं इथं खरंच काम होतं. म्हैस व्याली की पहिला खरवस गल्लीत वाटून मग घरात.

मी एकदा चिडून म्हणालो, लोकांचं किती घेशील? तर म्हणाली, "मानसाला करू द्यावं. तुमी नको म्हनलासा की त्याचा हात तसाच हवेत ऱ्हातोय. कसं दिसतंय ते?" मी म्हणालो, तुला बरं जमतं. ती म्हणाली, "मी तुमच्यासाठनं घेतेय. माझ्यासाठनं घ्यायचं असतं तर मला बी जड गेलं असतं."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मी पुढं जाऊन जेवायला बसलो.

पाणी तापलं. थांबतो.

— आता इथून पुढचं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. पोरीचं लग्न झालं, ती गडहिंग्लजला नांदायला गेली. माझी बोटं अजून वाकली, त्या रोगाचं तसंच असतं, कधी जरा सोडतो, कधी अजून धरतो. घरात आम्ही दोघंच. एका संध्याकाळी हौसा गोठ्यातनं चूल गाठेपर्यंत दोनदा थांबली. हात कमरेवर. मी खाटेवर बसून बघत होतो. हात उजव्या कमरेवर होता.

मी काय म्हणालो? हेच ते. हेच सांगायला इतकं लांबण लावलंय.

मी हसून म्हणालो, "अगं, डावी. बाजू चुकलीस."

ती म्हणाली, "आज उजवीकडं खरंच दुखतंय, अवो."

आणि मी म्हणालो, "घरात कुनी न्हाय. कुनाला दावालीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. चूल पेटवली, भाकरी टाकली, आणि माझी भाकरी कुस्करून दिली. त्यानंतर काही दिवस ती घरात कमरेला हात लावेना. माझ्यासमोर लावेना. म्हणजे बघा — बाहेर जगासमोर खोटं दुखणं धरायचं, आणि घरात माझ्यासमोर खरं दुखणं लपवायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना बाईला सोंगच.

रंगानं ओळखलं. तो म्हणाला, वैनीचा चेहरा उतरलाय, आणि रिक्षा घेऊनच आला. डॉक्टरकडं आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कंबर कधीपासून दुखते? हौसा बोलायच्या आत रंगा बोलला. त्याच्या मनात काय पाप? तो म्हणाला, "साहेब, लई वर्सं झाली. डावी बाजू. मी सोता बघतोय, लई सोसलंय बाईनं."

हौसानं माझ्याकडं बघितलं.

मी काय बघत होतो? डॉक्टरांच्या टेबलाखाली एक लादी फुटलेली होती. ती बघत होतो. आजही काढून दाखवीन ती कशी फुटली होती ते. मला फक्त म्हणायचं होतं — साहेब, ते खोटं आहे, हिला दुखायला लागून दोनच महिने झालेत, आणि उजवीकडं. पण रंगा शेजारी होता. हे बोललो की इतकी वर्षं त्यानं ज्या आजारासाठी माझ्या म्हशी पिळल्या तो आजारच नव्हता, हे त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं होणार. माझी मूठ गेली होती हे त्याला कळणार. म्हणून मी गप बसलो. आणि हौसाही गप बसली. मी का गप आहे ते तिला ठाऊक होतं. मला उघडं पाडायचं तिच्या मनात कधी आलंच नाही.

डॉक्टरांचा काय दोष? त्यांना सांगितलं तसं त्यांनी ऐकलं. जुनं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या, चोळायला मलम दिलं, कमरेला पट्टा दिला. हौसानं तो पट्टा बांधला. माझ्या बोटांना त्याचं बक्कल लावता येत नव्हतं, म्हणून तिचा तीच बांधायची. काही महिन्यांनी तिला उठताच येईना. मग मोठ्या दवाखान्यात फोटो काढला. गाठ होती. उजव्या बाजूला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा आधी आला असता तर. मग आपणच म्हणाल्या, आता ते कशाला.

लवकर कळलं असतं तर वाचली असती का? मला माहीत नाही. वाचली नसती असं मी स्वतःला सांगून बघितलं. आत उतरत नाही.

शेवटच्या दिवसांत ती दवाखान्यात पडून होती तेव्हा रंगा डबा घेऊन यायचा. माझ्यासाठीही. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "भावजी, आमच्या मानसाच्या हातात जोर न्हाय. लई दिस झालं. तेवढं बघा." इतक्या वर्षांत तिनं घराबाहेर माझं एवढंच सांगितलं. स्वतःचं काही सांगितलं नाही. रंगा माझ्या हातांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "वैनी, तुमी काळजी करू नकासा. त्याला मी बघतो, नीट न्हाय वागला तर बडवतो पन." ती हसली. माझ्या हौसाचं शेवटचं हसणं रंगानं काढलंय. त्याचे उपकार कुठं ठेवू?

म्हशी विकल्या. आता रंगा रोज सकाळी येतो. त्याचंही वय झालंय, उंबरा ओलांडताना चौकटीला धरतो. माझ्या शर्टाची बटणं लावतो, शिव्या घालत घालत. त्याच्या म्हशी आता पोरगा बघतो, तरी संध्याकाळी कट्ट्यावरचा दुधाचा पेला रंगाच आणतो. येईपर्यंत फेस बसलेला असतो. गल्लीतल्या बायका अजून येतात. कुणी भाकरी, कुणी कालवण. पहिले काही दिवस मी प्रत्येकीला "नको" म्हणायचो. एकदा रंगा खवळला. "मर्दा, वैनी कशी गुणानं घ्यायची. जरा शीक की तिच्याकडनं!"

मी आत जाऊन रडलो. त्याला वाटलं, आठवण आली.

पण शिकलो मात्र. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई पाणी घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "बरं झालं आलीस, बस की. ती घागर आधी आत ठेव." शब्द हौसाचे, तोंड माझं. ती बाई खूश झाली. मला पण जड गेलं — स्वतःसाठी घ्यायचं होतं ना. हौसा म्हणाली होतीच. आता रोज घेतो. पाणी घेतो, भाकरी घेतो, बटणं लावून घेतो. माझ्यासारख्या माणसाला इतकी माणसं मिळाली, ह्याचं मला रोज नवल वाटतं. सगळी तिनं जमवलेली. तिच्या कमरेवर जमवलेली.

हा कागद पोरीच्या हाती लागेल, तिच्याकडनं रंगाच्या कानावर जाईल. जाऊ दे. मग तो सकाळी आला नाही तर मी शर्ट उघडाच ठेवून दारात बसेन. आला तर "बरं झालं आलास" म्हणेन.

रंगा, गल्लीतल्या बायांनो, पोरी — हौसाची डावी कंबर कधीच दुखत नव्हती. दुखत होते ते माझे हात. आणि तिचं दुखलं तेव्हा उजवीकडं दुखलं, आणि ते तिनं मला सांगितलं होतं.