विमानाची वेगळी तिकिटं

क्रूझची कल्पना काकांची होती. राहनाळला आमची खाडीकडची जमीन गोदामांना गेल्यावर बाबा आणि काका या दोन्ही भावांचा हात पहिल्यांदाच थोडा सैल झाला होता. काकांनी आधी गाडी घेतली, मग घरावर मजला चढवला, आणि एका रविवारी वर्तमानपत्रातली जाहिरात घेऊन ते आमच्या ओटीवर आले. सिंगापूरहून निघणारी बोट, तीन रात्री, मध्ये मलेशियाच्या दोन बंदरांना थांबा. त्यांनी आईला समजावायची तयारी करून ठेवली होती. बाबांना विचारण्यात अर्थ नाही, ते काहीच बोलणार नाहीत, असं सगळेच धरून चालले होते. पण बाबांनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "वर उभं रायलं तं खालचं पानी दिसल ना?"

बाबा तरुणपणी रेतीच्या बोटींवर होते. खाडीत रेती भरायची आणि भरती-ओहोटी बघून न्यायची. कधी फेरी पार वसईच्या बाजूला गेली की लांब समुद्रात मोठी जहाजं दिसायची. एकदा त्यांच्या बोटीवरची सगळी माणसं काम थांबवून एका जहाजाकडे बघत बसली होती आणि त्यांनी मुकादमाची बोलणी खाल्ली होती, एवढंच त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. नंतर लग्न झालं, शेती आली, आजोबा गेले. बोटीचा विषय घरात परत निघाला तो काकांच्या जाहिरातीनेच.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. घरी नुकताच कॉम्प्युटर आला होता, त्याला इंटरनेट होतं. शिक्षकखोलीतल्या कोणालाही गावी जायचं असलं की रेल्वेचं तिकीट मी काढून द्यायचो. एजंटकडे जाणारी माणसं मला अडाणी वाटायची, आणि हे मी बोलूनही दाखवायचो.

स्टँडजवळ एक ट्रॅव्हल एजंट बसायचा. त्याचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे आखाती देशांत कामाला जाणारी लूमवाल्यांची मुलं, पण हल्ली गोदामांचे जमीनमालकही त्याच्याकडे येऊ लागले होते. काकांनी बोट त्याच्याकडूनच ठरवली, म्हणून आम्हीही आमच्या दोन खोल्या त्याच्याकडूनच घेतल्या. बायकोचे दिवस भरत आले होते, ती माहेरी होती. त्यामुळे आमच्या घरातून आई, बाबा आणि मी असे तिघं जाणार होतो. एजंटने विमानाचाही भाव सांगितला. तो मला फार वाटला. मी म्हटलं, विमानाचं मी बघतो.

त्याने मला बसवून घेतलं. आधी हिंदीत सुरुवात केली, मग मराठीत आला. "सर, विमान बोटवाल्यांचंच घ्या. ते लेट झालं तर डोकेदुखी त्यांची. तुम्ही तुमचं घेतलं, तर बोट तुमच्यासाठी उभी राहणार नाही."

त्याला त्याचं कमिशन सुटेना, असं मला वाटलं. काकांनी त्याचं ऐकलं. त्यांना बोटवाल्यांकडूनच मुंबईहून थेट सिंगापूरचं विमान मिळालं. मी मात्र चार संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून दोन स्वस्त विमानं शोधून काढली. सकाळी मुंबई ते चेन्नई, आणि तिथून दुसऱ्याच कंपनीचं सिंगापूर. दोन तिकिटं वेगवेगळी, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पोचणार पावणेसहाला, बोट सुटणार नऊला, आणि आठपर्यंत वर चढायचं. कागदावर सगळं नीट बसत होतं. काकांना मी आकडा सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला, आणि मला त्याचा आनंद झाला. हे लिहायला मला आवडत नाही, पण झाला.

निघायच्या सकाळी मुंबईच्या धावपट्टीवर काहीतरी अडचण झाली आणि सगळीच विमानं उशिरा सुटायला लागली. काका-काकी दुसऱ्या टर्मिनलवर होते. त्यांचा फोन आला की त्यांचंही विमान लांबलंय. आमचं चेन्नईचं विमान सहाऐवजी सव्वाआठला सुटलं. आई हातात प्रसादाचा पुडा धरून बसली होती. बाबा खिडकीशी होते. ढग आल्यावर त्यांनी माझ्या दंडाला हात लावून मला दाखवले. मी घड्याळ बघत होतो.

चेन्नईला उतरलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सामान यायला वीस मिनिटं गेली. तिथून आंतरराष्ट्रीय इमारतीपर्यंत चालत जायचं होतं, फार लांब नाही, पण मी तिन्ही बॅगा ओढत जवळजवळ पळत होतो. बाबांचे गुडघे तेव्हा दुखायला लागलेले होते. त्यातून पायात नवे बूट. सिंगापूरला चपला बऱ्या दिसणार नाहीत म्हणून मीच घ्यायला लावलेले. ते एक पाय जरा ओढत मागून येत होते आणि आई त्यांच्या चालीने चालत होती. मी दोनदा थांबून हाका मारल्या.

काउंटरवर दिवा लागलेला होता, पण माणसं कागद आवरत होती. तिथल्या मुलीने इंग्रजीत सांगितलं की काउंटर सव्वादहालाच बंद झालं. विमान अजून उभं आहे, पण आता कोणाला घेता येणार नाही. मी मुंबई-चेन्नईचं तिकीट दाखवलं, ते विमान उशिरा आलं म्हणालो. ती म्हणाली, ते आमचं विमान नव्हतं.

सव्वादहा. आमच्या बॅगा पट्ट्यावर आल्या त्या साडेदहाला. म्हणजे सामान हातात यायच्या आधीच सगळं संपलेलं होतं. उडत गेलो असतो तरी काही झालं नसतं. मी विज्ञानाचा शिक्षक, हा हिशोब मला तिथेच उभ्या-उभ्या कळला.

तेवढ्यात आई-बाबा पोचले. बाबांना धाप लागली होती. त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हणालो, "गेलं विमान. जरा पाय उचलून चालला असता तर मिळालं असतं."

बाबांनी मुलीकडे बघितलं, मग खाली बघितलं.  आई म्हणाली, त्यांना बसू दे थोडं. मी पाणी आणायला गेलो. परत आल्यावर खरं काय ते सांगता आलं असतं, दोन वाक्यांचं काम होतं. मी दुसऱ्या विमानाच्या चौकशीला लागलो.

दुपारचं एक विमान मिळालं. त्यात, चार संध्याकाळी बसून जेवढे पैसे वाचवले होते त्याच्या कितीतरी पट गेले. बोटही लांबेल अशी मला उगाच आशा होती. सिंगापूरला उतरलो तेव्हा तिथल्या घड्याळात नऊ वाजून गेले होते. तरीही टॅक्सी करून बंदरावर गेलो. तिथल्या पहारेकऱ्याने बोट सुटल्याचं हातानेच खुणावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बोटवाल्यांच्या कार्यालयात फोन लावला. पुढच्या बंदरावर येऊन बोट पकडता येईल का, असं विचारलं. पलीकडच्या माणसाने नम्रपणे सांगितलं की ज्यांचं विमान आमच्याकडून असतं त्यांची व्यवस्था आम्ही करतो, तुमचं तुम्हाला करावं लागेल. शिवाय पुढचं बंदर मलेशियाचं, तिथे विमानाने जायचं तर वेगळा व्हिसा लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. एजंट सांगत होता त्यातला शब्द न् शब्द मला परक्या देशात फोनवर ऐकावा लागला.

तीन दिवस आम्ही तिथल्या हिंदुस्थानी वस्तीतल्या एका लहान हॉटेलात काढले. आईला इडली मिळाली, देऊळ मिळालं, ती त्यात रमली. बाबांनी मला फक्त एकच गोष्ट मागितली, बंदर दाखव. एका सकाळी आम्ही धक्क्यापासून थोडं दूर उभे राहिलो. एक पांढरी बोट हळूहळू कडेला लागत होती, दहा-बारा मजली असेल. दोर टाकले, माणसं धावली, बोट सरकत सरकत चिकटली. बाबा सगळं बघत होते. "येवरी मोठी," ते म्हणाले, "आन् रेतीच्या बोटीसारका हात लावाया पन न्हाय लागत." नंतर आम्ही पर्यटकांच्या लहान लाँचमधून अर्ध्या तासाची चक्कर मारली. त्या लाँचमध्ये ते अगदी पुढे जाऊन बसले होते. मला बरं वाटलं, पण मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो नाही.

काका-काकी आमच्या आधी एक दिवस घरी पोचले होते. त्यांचंही विमान तीन तास उशिरा गेलं होतं. पण सिंगापूरच्या विमानतळावर बोटवाल्यांचा माणूस पाटी घेऊन उभा होता. त्याने सगळ्यांना बसमध्ये घातलं, आणि त्या एका विमानातल्या माणसांसाठी बोट पाऊण तास थांबवून ठेवली होती. काका म्हणाले, शेजारच्या तुमच्या दोन्ही खोल्या शेवटपर्यंत बंदच राहिल्या, जाता-येता आम्हाला नको वाटायचं.

हे त्यांनी ओटीवर सगळ्या भावकीसमोर सांगितलं. कोणीतरी मला विचारलं की सर, तुमचं कसं काय राहिलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "माजं गुरघं. मी चालूच शकलो न्हाय, म्हनून इमान गेला."

मी बॅग घेऊन आत गेलो. तोंड धुतलं, कपडे बदलले. बाहेर आलो तेव्हा विषय दुसरीकडे वळला होता.

मग गावात ते तसंच रूढ झालं. गोदामाबाहेरच्या चहाच्या टपरीवर लोक बाबांची चेष्टा करायचे, काय दादा, बोट धरायची का धावत. बाबा हसायचे. मी स्वतःची समजूत अशी घातली की बापाने पोराचा मान राखला, खरं काय ते त्यांना माहीत आहे, ते मला वाचवतायत. त्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचा ऋणी होतो. ही समजूत फार सोयीची होती.

त्या हिवाळ्यात बाबांनी अकलोलीला जायचं काढलं. गरम पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसलं की गुडघे सुटतात असं कोणी सांगितलं होतं. दर रविवारी मी त्यांना मोटरसायकलवरून न्यायचो. ते लेंगा वर करून काठावर बसायचे, पाय पाण्यात, आणि मी जवळच बसून पेपर तपासायचो. एका रविवारी ते गुडघा चोळत म्हणाले, "पुढल्या येलेला मी आदीच चालाया लागीन. तुमी बॅगा घेऊन मागशी या."

तेव्हा मला सांगायला हवं होतं. आजूबाजूला फारसं कोणी नव्हतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, हो बाबा, तसंच करू. आणि लाल पेनाने पुढचा पेपर तपासायला घेतला.

पुढची वेळ आली नाही असं नाही. दोन वर्षांनी काकांनी परत बोट ठरवली, बाबांना आग्रह केला. बाबा नको म्हणाले. माझ्यापायी सगळ्यांचं राहतं, तुम्ही जाऊन या. नातेवाइकांनी काशीला न्यायचं ठरवलं, तेव्हाही तेच उत्तर. हळूहळू पडघ्याच्या बाजारालाही ते जाईनासे झाले. मी डॉक्टरांना दोष दिला, वयाला दिला. एका पावसाळ्याच्या शेवटी, दुपारी जेवून पडले असताना, ते झोपेतच गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर आई आणि मी त्यांच्या कपाटातले खण आवरत होतो. आई स्वतःहूनच बोलायला लागली. सिंगापूरच्या त्या हॉटेलात ते तिला रोज विचारायचे, मी धा मिन्टं आदी पोचलो असतो तं? आई म्हणायची, जाऊ दे आता. घरी आल्यावरही कितीदा तरी. अकलोलीला जायला लागले तेही त्याचसाठी.

म्हणजे त्यांनी माझा मान राखला नव्हता. मला वाचवलंही नव्हतं. मुलगा शिकलेला आहे, त्याने सांगितलं तेव्हा तसंच असणार, एवढाच त्यांचा विचार. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी आईला सगळं सांगितलं. काउंटर कधी बंद झालं, बॅगा कधी आल्या, दोन तिकिटं वेगळी होती म्हणून काय झालं, एजंट आधीच काय म्हणाला होता. तिने हातातल्या धोतराची घडी पुरी केली आणि म्हणाली, "मंग ह्ये त्यांना सांगाचं व्हतं. मना सांगून काय?"

काकांनाही मी सांगितलं. ते म्हणाले, झालं गेलं, कशाला उकरतोस. पण मी सांगत राहिलो. कोणी क्रूझला निघालं आणि तिकिटाचं विचारायला आलं की मी त्यांना एजंटकडे पाठवतो, आणि माझं काय झालं ते पहिल्यापासून सांगतो. माझी चूक होती, बाबांच्या गुडघ्यांचा काही संबंध नव्हता, हे स्पष्ट शब्दांत. लोक ऐकून घेतात. सर मनाला फार लावून घेतात, असं म्हणतात. आणि गेल्याच महिन्यात, एका लग्नात मागच्या ओळीत बसलो असताना, पुढचा माणूस शेजाऱ्याला आमची गोष्ट सांगत होता. म्हातारा चालू शकला नाही, म्हणून बोट गेली.