चौथं भांडं लोणच्यात

जळगावात मेहरूणला तलावाच्या अंगाला कौतिकअक्का राहते. वय विचारलं तर बासष्ट सांगते, आणि तिचा थोरला पोरगाच छप्पन्नचा आहे. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण तिला फसवून दाखवावं कोणी. माहेर भडगावचं. तीस वर्षं जिनिंगमध्ये कपाशीतला कचरा वेचला, म्हणून नजर अशी तयार झाली की हाराभर कापसातून किडक्या बोंडाची एक कवडी बरोब्बर उचलायची. पुढं जिनिंग सुटली, पण नजरेला कोणी सुट्टी दिली नाही. ती नजर काचेच्या भांड्यांवर जाऊन बसली.

तशी खोड आधीचीच. नवरा होता तेव्हाची. दारात बोहारीण आली होती, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. तिच्या टोपल्यात स्टीलच्या पातेल्यांखाली एक जाड काचेचा पेला दिसला. एका बाजूला चिमणीसारखी चोच, दुसऱ्या बाजूला कान, आणि अंगभर उठावदार नक्षी. नक्षी कसली, तर अक्काच्या डोळ्यांना फुटलेली कपाशीची बोंडंच दिसली ती. बोहारीण जुन्या लुगड्यांवर काही मानेना. आत नवरा, सुकदेव, आंघोळ करत होता, आणि खुंटीवर त्याची इस्त्रीची टेरीकॉटची पँट होती, भाच्याच्या लग्नाला घालायची. अक्कानं पँट दिली, पेला घेतला. सुकदेव लग्नाला धोतरावर गेला. आठ दिवस बोलला नाही, पण नवव्या दिवशी त्याच पेल्यात चहा मागितला आणि मरेपर्यंत त्यातच प्याला.

दुसरं भांडं पहूरला सापडलं, नणंदेच्या देव्हाऱ्यात. उभा गोल पेला, तीच बोंडं, आणि त्यात उदबत्त्या खोचलेल्या. देवाजवळचं भांडं मागायचं कसं? अक्का दुसऱ्या खेपेला पितळेचं उदबत्तीचं झाड घेऊन गेली, देवासमोर ठेवलं आणि नणंदेला म्हणाली, देवाच्या घरात काचेची फुटायची भीती कशाला. देव काही बोलला नाही. तिसरं भडगावलाच, भावजयीकडे. खाली ताटली, वर घुमटासारखं झाकण. भावजय त्याखाली मांजरीपासून साय लपवायची. ते कसं आणलं ते अक्का सांगत नाही. भावजयसुद्धा सांगत नाही, पण तेव्हापासून तिच्याकडे साय लपवायला जाळीचं कपाट आहे, नवंकोरं.

या तिघांचं एकमेकांशी नातं काय, ते सून नूतननं काढलं. मोबाईलवर अमेरिकेतली कोणी बाई आपली काचेची भांडी दाखवत होती, घरभर मांडलेली. त्यात हीच बोंडं. नूतननं वाचून सांगितलं की ही भांडी सव्वाशे-दीडशे वर्षांची, अमेरिकेत झालेली. पातळ काच लोखंडी साच्यात ओतायची आणि वरून दाबायची. हे अक्काला लगेच कळलं, जिनिंगमध्ये रुईची गाठ अशीच दाबतात. साच्याच्या फाका जिथं जुळतात तिथं शिवण राहते. अक्कानं नख फिरवलं, तर तिन्ही भांड्यांना शिवण. मग नूतन म्हणाली, हा जेवणाच्या टेबलावरचा संच असतो, लोण्याचं भांडं, दुधाचं, चमच्यांचं. आणि चौथं साखरेचं, दोन कानांचं, झाकणाचं.

झालं. तीन होती तोवर अक्काला झोप लागत होती. चौथं आहे म्हटल्यावर तिचा घास गोड लागेना. सव्वाशे वर्षांमागं कोणा मिशनवाल्या मडमेनं चार भावंडं बोटीतून आणली असतील, तीन माझ्याकडे आहेत, चौथं कुठं कोणाच्या घरी राबत असेल, असं ती सुनेला रोज ऐकवायची.

त्या अमेरिकेतल्या बाईनं मोबाईलवर आणखी एक सांगितलं होतं. असल्या जुन्या काचेवर निळसर दिवा धरला की ती हिरवी चमकते. तसा दिवा कोपऱ्यावर गौतमचंदशेठच्या किराणा दुकानात आहे, खोटी नोट पकडायचा. अक्का पदराखाली पेला घेऊन गेली आणि म्हणाली, भाऊ, जरा दिवा लाव. शेठ घाबरला, म्हातारीच्या हातात खोट्या नोटा आल्या की काय.

"हाई नोटच शे समज," अक्का म्हणाली आणि पेला दिव्याखाली धरला. हिरवा उजेड पडला. गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली, तशी अक्कानं पेला झाकला आणि चालती झाली. शेठ काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे. त्यानं घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. हे मात्र अक्काला फार उशिरा कळलं.

शेठचं घर आणि अक्काचं घर पाठीला पाठ. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. मे महिन्यात अक्का ज्वारीचे बिबडे वाळत घालायला वर गेली, आणि कठड्यापलीकडे तिला चौथं भांडं दिसलं. दोन कान, पोटावर बोंडं, तोंडाला मलमलचं फडकं बांधलेलं, त्यावर झाकण. आत तोंडोतोंड लिंबाचं लोणचं. शेठची बायको हीराबाई मारवाडी जैन, लोणच्याला ऊन दाखवल्याशिवाय जिभेला लावायची नाही. अक्कानं सहज विचारावं तसं विचारलं, बरणी छान आहे, कुठली? हीराबाई म्हणाली, सासऱ्यांनी धुळ्याला मिशनच्या बंगल्याच्या लिलावात लोखंडी कपाट घेतलं होतं, त्याच्या खणात निघाली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दर उन्हाळी हीच बरणी वर असते.

आता सरळ मागावं तर लाज. शेजारणीची वस्तू तोंडानं मागितली की त्याचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या निघतं. अक्कानं दुसरी वाट काढली. आपल्याकडे शेजारचं भांडं घरात आलं की रिकामं परत जात नाही. त्यात काहीतरी घालूनच द्यायचं. आणि घालायजोगं काही केलं नसेल तर भांडं राहतं आपल्याकडे, चार दिवस, चार महिने, कोणी मागत नाही. म्हणजे बरणी एकदा कठड्याच्या अलीकडे यायला हवी, बस. मग अक्काला वर्षानुवर्षं तिच्यात घालायजोगं काही सुचणारच नव्हतं.

तिनं तोंडाला चव नाही म्हणून लोणचं मागितलं. बरणीसकटच दे, घरी काढून घेते, असंही सुचवलं. हीराबाईनं हसून स्टीलच्या वाटीत चार फोडी दिल्या. वाटी रिकामी कशी जाणार? अक्कानं शेवयांची खीर करून पाठवली. आठ दिवसांनी परत तोंडाची चव गेली. परत स्टीलची वाटी आली. या वेळी लसूण न घालता डाळीचे फुणके केले, कढीबरोबर. मग मुगाचे सांडगे गेले. मग एकदा तर खापरावरचे मांडे, तेही पुरण वाटून, भर जूनच्या उकाड्यात. वाटीच्या जागी डबा आला, कारण मांडे वाटीत मावत नाहीत, पण डबाही स्टीलचाच.

घरात लोणचं संपेना. नूतन म्हणाली, आई, मना दात आंबी गयात. अक्का म्हणाली, सहन कर, अमेरिकेपर्यंत आलो आहोत.

तीन महिने असे गेले. भादव्यात जैनांचं पर्युषण आलं. हीराबाईनं अठाई केली, आठ दिवस फक्त गरम पाणी. लोणचं, खीर, फुणके सगळं थांबलं. अक्का रोज संध्याकाळी तब्येत विचारायला जायची, आणि शपथेवर सांगायचं तर बरणीकडे फक्त दोनदा बघायची.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पारणं झालं आणि हीराबाई अक्काच्या दारात आली. त्यांच्यात या दिवशी वर्षभराची क्षमा मागतात, ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्यापुढं हात जोडून. पोट खपाटीला गेलेलं, चेहरा उतरलेला, पण डोळे हसत होते.

"अक्का, खमतखामणा. मनानं, वाचेनं, कायेनं काही चुकलं असेल तर माफी द्या," ती म्हणाली. अक्का म्हणाली, तुझं काय चुकणार बाई. तशी हीराबाई तिथंच पाटावर बसली.

"चुकलं ना. तुम्हाला बरणी पाहिजे हे मला मे महिन्यापासून माहीत आहे. शेठनं दिव्याची गोष्ट सांगितली होती, आणि लोणचं मागताना तुम्ही लोणच्याकडे कधी बघितलंच नाही."

"मंग स्टीलनी वाटी काबर दिनी?"

"बरणी दिली असती तर मांडे कोणी पाठवले असते?"

नूतननं पदर तोंडात कोंबला. अक्काला राग यायला पाहिजे होता. पण समोरची आठ दिवस उपाशी, वर हात जोडून माफी मागतेय, रागवायचं तरी कसं? उलट आता तिचीच पाळी होती. समोरच्यानं क्षमा मागितली की आपणही मागायची, आणि मागायची तर कशाची ते बोलावं लागतं. कौतिकअक्कानं आयुष्यात पहिल्यांदा कबुली दिली. बरणी घरात आली असती तर ती परत केलीच नसती, मरेपर्यंत घालायजोगं काही सुचलं नसतं, असं सगळं सांगून टाकलं. बोलण्याच्या ओघात नणंदेचा देव्हारा आणि सुकदेवची पँटही बाहेर आली. भावजयीच्या सायीवर मात्र ती थांबली.

हीराबाई इतकी हसली की नूतननं धावत पाणी आणलं. मग उठून घरी गेली, आणि कठड्यावरून बरणीच हातात दिली. धुतलेली नव्हती, तळाला दोन फोडी होत्या. म्हणाली, ही मागायला येणार नाही, पण महिन्यातून एकदा मांडे येत राहिले पाहिजेत. अक्कानं विचारही केला नाही, हो म्हणाली.

फोडी काढल्या, बरणी राखेनं घासली, पुसली, आणि कपाटात तिघांच्या शेजारी नेऊन ठेवली. ठेवली आणि अक्का मागं सरकली. तिघं पाण्यासारखी पांढरी, आणि चौथं वांग्याच्या फुलासारखं जांभळट! इतके दिवस आत लोणचं होतं, कानाझाकणावर तेल-मसाल्याचा थर, रंग दिसणार कसा. अक्कानं परत घासली, चिंच लावली, सोडा लावला. जांभळं ते जांभळंच.

नूतननं मोबाईल काढला. असल्या काचेत काहीतरी औषध असतं, वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की ती जांभळी होते, असं निघालं. हीराबाईची बरणी चाळीस उन्हाळे गच्चीवर होती. हा रंग आता जायचा नाही.

अक्का कपाटासमोर बसून राहिली. चहा निवून गेला. तिकडून हीराबाईनं कठड्यावर येऊन हाक मारली, काय झालं म्हणून, आणि नूतननं जिन्यातून ओरडून सांगितलं. ऐकून तिचंही तोंड पडलं, आणि जमत नसेल तर बरणी परत घेते, असं म्हणाली. ते ऐकलं मात्र, अक्का ताडकन उठली. तिन्ही भांडी पदरात घेतली, गच्चीवर नेली आणि पत्र्याच्या कडेला, ऊन सगळ्यात जास्त तापतं तिथं मांडली.

नूतन खालून ओरडली की आई, त्याला तीस-तीस वर्षं लागतात असं लिहिलंय.

"तिकडे लागत व्हतीन," अक्का म्हणाली. "हाई जळगावनं ऊन शे."

हीराबाईनं कठड्यापलीकडून हात लांबवून चोचीचा पेला जरा डावीकडे सरकवला. तिथं चार वाजेपर्यंत सावली येत नाही.