बुधवारी शिजलेला शुक्रवार

दोन्या सातुर्निना देवाला घाबरत नाहीत, भूकंपाला थोड्या घाबरतात आणि जिला घाबरायचं अशी एकच व्यक्ती त्यांनी आयुष्यात मानली, ती म्हणजे त्यांची आई. आई जाऊन चाळीस वर्षं झाली. पण अरेकिपा शहरातल्या आमच्या गल्लीत त्यांची खाणावळ अजून त्या आईच्याच हुकमाने चालते. धुराने काळी झालेली भिंत, मातीच्या घागरीत आंबणारी मक्याची चिचा, एक लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना दोन लांब बाकं. कुणाची जागा राखीव नाही. येईल त्याने ढुंगण सरकवायचं आणि बसायचं.

आणि वाराप्रमाणे सूप. सोमवारी चाके, मंगळवारी चाइरो, बुधवारी मक्याच्या भरड पिठाचं, गुरुवारी पांढऱ्या वाळवलेल्या बटाट्याचं, शुक्रवारी नदीतल्या कोळंबीचं. सरकारं पडली, संप झाले, रस्ते बंद झाले. पातेल्यातला वार कधी चुकला नाही. "वाराचा मान वाराला," दोन्या सातु म्हणायच्या. हे त्या अभिमानाने नाही, हात धुवायला सांगावं तितक्या साधेपणाने म्हणायच्या.

या पातेल्यावर इलारियोकाका जगत होते. पोटाचं तर झालंच, पण मला म्हणायचंय ते वेगळं. काका पूर्वी पांढऱ्या दगडाच्या खाणीत कामाला होते. दगडाची धूळ आणि वय, दोन्हींनी मिळून डोळ्यांवर साय आणली. समोरच्या माणसाचा आकार दिसे, चेहरा नाही. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे नुसता एक चौकोन. बायको गेली तेव्हाच घरातला रेडिओ बंद पडला, तो त्यांनी दुरुस्त केला नाही. दुपारी बाकावर बसायचं, वाडग्यावर वाकायचं, वास घ्यायचा, आणि "हं, मंगळवार," म्हणायचं. आठवडा त्यांच्या नाकातून आत यायचा.

ते दोन्या सातुंच्या मुलाचे धर्मपिता. म्हणून त्या त्यांना कोंपाद्रे म्हणतात आणि ते त्यांना कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या वर धरतात.

वर्षभर थांबल्यावर काकांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा नंबर लागला होता. ऑक्टोबरातला गुरुवार, सकाळी. त्यांची पुतणी ओदिलिया कामानाहून रातोरात बसने यायची आणि थेट सरकारी इस्पितळाच्या फाटकावर उभी राहायची, काकांनी गल्लीतून सुटणाऱ्या नेहमीच्या बसने तिथे पोचायचं, असं ठरलं होतं. सोमवारी दोन्या सातुंनी वाडगा ठेवताना बजावलं, "कोंपाद्रे, लक्षात ठेवा. मक्याचं सूप प्यायलात की दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळ. उपाशी जायचं."

"मक्यानंतर इस्पितळ," काका म्हणाले. "आणि इस्पितळानंतर तुझा चेहरा बघतो. वीस वर्षांत किती बिघडलाय ते कळेल."

"बघून पळून जाल."

"पळायला रस्ता दिसेल, तेच खूप."

बाक हसलं होतं.

आता फेम्केबद्दल. फेम्के रॉटरडॅमची. दोन्या सातुंच्या सुनेने, येसेनियाने, वरची खोली तिला तीन महिन्यांसाठी दिली होती. ती काम लॅपटॉपवर करायची, कोपऱ्यावरच्या नव्या कॅफेत, जिथे आधी चांभाराचं दुकान होतं. आमच्याच डोंगरातली कॉफी तिथे पांढऱ्या कपात मिळते, आणि गल्लीतलं कुणी तिथे पाऊल ठेवत नाही. काम संपलं की ती खायला निघायची. भरलेली रोकोतो मिरची खाऊन रडली, रडतानाचा फोटो काढला. गिनीपिग खाल्ला. बाजारात नीवेसच्या बटाट्याच्या ढिगापुढे बसून बावीस जातींची नावं विचारली, आणि अर्धा किलो घेतले. चिचाचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला हसली, तिसऱ्याला "आता मी इथली झाले," म्हणाली. ती गोड होती, हे मला कबूल आहे. दोन्या सातुंच्या गालाला गाल लावून रोज सकाळी भेटायची. पण तिच्या फोनमध्ये एक यादीच होती जणू आमची. एकेक पदार्थ चाखून झाला की तो तिच्यापुरता संपायचा.

फक्त शुक्रवारचं कोळंबीचं सूप राहिलं होतं. कारण दर शुक्रवारी ती कुठेतरी जायची: दरी पाहायला, तळं पाहायला, गरम पाण्याची कुंडं पाहायला. आणि तिचं परतीचं विमान होतं त्याच गुरुवारी पहाटे.

मंगळवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. "दोन्या, उद्या ते सूप कराल? माझ्यासाठी? मी परत कधी येणार?"

"शुक्रवारी," दोन्या सातु म्हणाल्या.

"शुक्रवारी मी घरी असेन."

"मग घरी जे असेल ते खा."

फेम्केचे डोळे भरून आले. कोळंबीसाठी कुणाचे डोळे भरून येताना मी पहिल्यांदा पाहिलं. ती वर गेल्यावर येसेनिया सासूच्या मागे लागली.

"आई, तीन महिने राहिली बिचारी. एक दिवस इकडचा तिकडे झाला तर आभाळ कोसळणार आहे का?"

"माझी आई असती तर पळीने मारलं असतं तुला."

"तुमची आई नाहीये आता, आई. तुम्ही आहात. आणि त्या पोरीने निघताना तोंड असं करून निघावं, बरं दिसतं का?"

घरी राहिलेलं माणूस उपाशी किंवा नाराज निघू नये, हाही त्यांच्या आईचाच हुकूम होता. दोन हुकूम समोरासमोर आले आणि दोन्या सातु वाकल्या. बुधवारी पहाटे त्यांनी कोळंबी आणवली.

दुपारी टेबलावर पातेलं आलं. केशरी रस्सा, दूध, चीज, वर तरंगणारं अंडं आणि तो वास. अबेलार्दो गवंडी दारातच थबकला.

"अरे! आज शुक्रवार? मग उद्या अर्धा दिवसच काम!"

"मी तर म्हणते उद्या सुट्टीच," नीवेस म्हणाली. "दोन्या सातु म्हणतील तो वार."

"शुक्रवारच्या शुभेच्छा, दोन्या!"

"शुक्रवारच्या शुभेच्छा सगळ्यांना!" फेम्केही ओरडली, आणि सगळ्यांनी ग्लास उंचावले. पुढे येणारा प्रत्येक जण दारातून "शुक्रवार! शुक्रवार!" करत आत यायचा, आणि बाक पुन्हा हसायचं. दोन्या सातु मात्र तोंड फिरवून भाकऱ्या चुलीवर शेकल्यासारखं करत होत्या. त्यांना लाज वाटत होती.

इलारियोकाका टोकाला बसले होते. वाडग्यावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी हळूहळू सगळं सूप संपवलं, ओठ पुसले आणि "देव भलं करो" म्हणून काठी टेकत निघून गेले. ते "हं" म्हणाले नाहीत, वारही उच्चारला नाही. त्या गोंधळात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, दोन्या सातुंच्याही नाही.

फेम्के गुरुवारी पहाटे गेली. सकाळी आठ वाजता खाणावळीतला फोन वाजला. ओदिलिया होती.

"दोन्या, काका निघाले का? आत नाव पुकारतायत."

"म्हणजे? पोचले नाहीत?"

दोन्या सातु एप्रनसह धावल्या. काकांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "फुलं घेऊन गेले सकाळीच." फुलं घेऊन काका एकाच ठिकाणी जायचे, बायकोच्या थडग्यावर, दर शनिवारी. दोन्या सातुंनी रस्त्यात टॅक्सी अडवली आणि मलाही आत ओढलं.

काका थडग्याशेजारी दगडावर बसले होते. डाव्या हाताने मार्गारिताच्या फुलांचे देठ चाचपत होते.

"कोंपाद्रे! इथे काय करताय?"

"शनिवार ना आज, कोमाद्रे."

"शनिवार? गुरुवार आहे! आज इस्पितळ!"

काकांनी चेहरा आवाजाकडे वळवला. "चेष्टा करू नकोस. काल शुक्रवार होता. तूच वाढलास. सगळे शुक्रवार म्हणत होते." मग म्हणाले, "मंगळवारी अंग तापलं होतं. गोळी घेऊन झोपलो. काल सूप पुढ्यात आलं तेव्हा कळलं, की दोन दिवस झोपेतच गेले, आणि नंबरही गेला. एकट्याला कोण उठवणार?"

"मग तसं बोलला का नाहीत? विचारलं का नाही?"

"सगळे इतके खुशीत होते. मध्येच काय सांगायचं, म्हातारा दोन दिवस झोपला म्हणून?"

दोन्या सातुंनी त्यांना दंडाला धरून उठवलं ते जवळजवळ उचललंच. इस्पितळात पोचलो तेव्हा खिडकीतल्या बाईने शांतपणे सांगितलं की नाव तीनदा पुकारलं, जागा दुसऱ्याला दिली, आता मार्चात. दोन्या सातु तिच्याशी भांडल्या नाहीत. भांडायला तिथे कुणी नव्हतंच. ओदिलिया भिंतीला टेकून रडत होती आणि काका तिची समजूत काढत होते, "अगं, मार्च काय, आपला डिसेंबरचा उन्हाळा संपला की मार्च."

दुपारी खाणावळीत येसेनिया फोन हातात घेऊन आली. तिला अजून काही ठाऊक नव्हतं.

"आई, ऐका, काय सुंदर लिहिलंय तिने! ‘हे लोक इतके प्रेमळ, की त्यांनी माझ्यासाठी बुधवारी शुक्रवार शिजवला.’ तुमचा फोटोही आहे. हजारो लोकांना आवडलाय."

"माझा फोटो?"

"पातेल्याजवळचा. बघा."

दोन्या सातुंनी फोटो पाहिला. फोटोत, मागे टोकाला, वाडग्यावर वाकलेले काका होते, जरासे धूसर.

"तिला एक वाटी हवी होती," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली होता की येसेनिया पुढे झुकली. "एक वाटी! ती कुणाच्या डोळ्यांतून काढून दिली, ते लिहिलंय का तिने?"

सगळं कळल्यावर येसेनिया पांढरी पडली. तरी पुटपुटली, "तिला काय ठाऊक होतं, आई? ती वाईट नव्हती."

"वाईट नव्हती म्हणूनच दिलं! वाईट असती तर हाकलली असती. हे हसून गाल लावणारेच घर नेतात. बाहेरून आलेल्याला वाटतं, आमचा वार म्हणजे बडीशेप; मागितली की मूठभर द्यायची. आणि आम्ही? आम्ही तरी काय! दिली. वर ग्लास उंचावले." त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. अबेलार्दो आणि नीवेस खाली पाहत होते. "शुक्रवारच्या शुभेच्छा! या, द्या आता शुभेच्छा. कोण देतंय?"

आज हे लिहिताना माझाही राग शमलेला नाही. फेम्केचं विमान केव्हाच उतरलं असेल, यादीतली शेवटची खूण करून ती झोपलीही असेल. तिच्या चवीसाठी गल्लीचा एक दिवस सरकवला गेला आणि तो सरकलेला दिवस नेमका ज्याला दिसत नाही त्याच्या अंगावर पडला. तिला कळवावं असं येसेनिया म्हणते. दोन्या सातु म्हणतात, कशाला, तीही एक गोष्ट करून लिहील.

शुक्रवारी पुन्हा कोळंबी शिजली. काका आले, टोकाला बसले. दोन्या सातुंनी स्वतः वाडगा पुढे ठेवला. काका वाकले, वास घेतला, पण चमचा उचलला नाही. हात मांडीवरच राहिले.

"कोमाद्रे, आज वार कोणता?"

"शुक्रवार, कोंपाद्रे."

"शपथ?"

आमच्या गल्लीत दोन्या सातुंकडे आजवर कुणी शपथ मागितली नव्हती. ज्याच्यावर चिडता येईल असं कुणी समोर नव्हतं आणि जो मागत होता त्याच्यावर चिडणं शक्य नव्हतं. त्यांनी हात एप्रनला पुसले.

"आईची शपथ. शुक्रवार."

काकांनी मान नीवेसच्या आवाजाच्या दिशेने वळवली. "नीवेस, तू बाजारातून आलीस ना? आज मेंढ्या आल्या होत्या का?"

मेंढ्या फक्त शुक्रवारी येतात.

"आल्या होत्या, काका. पुष्कळ."

तेव्हा कुठे त्यांनी चमचा उचलला. दोन्या सातु पहिला घोट त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.