एका जास्वंदीचे सात दिवस

जैसेथे हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी जागेवर जाऊन बघितल्याशिवाय एकही रेघ मारली नाही. साहेब म्हणत, "अहो, व्हॉल्व्ह तिथेच असणार, दाखवून टाका." हे सायकल काढत, व्हॉल्व्ह बघून येत आणि मग पेन्सिलीला टोक करत. नकाशाखाली शेरा ठरलेला: 'पाहिले, जैसे थे काढले.' खात्यानं त्यांना बढती दिली नाही, पण नाव दिलं. निरोपाच्या घड्याळावरही तेच कोरलेलं होतं.

निवृत्त नवरा घरात बसला की तो डब्यांना लेबलं लावायला लागतो, हे काकू ऐकून होत्या. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात जैसेथे रंगपेटी घेऊन आले आणि "मी फुलं काढणार" म्हणाले, तेव्हा काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा लवकर टाकला.

कारण फुलं काढायची ती समोर ठेवून. पूर्वेच्या खिडकीपाशी टेबल, टेबलावर औषधाची रिकामी बाटली, बाटलीच्या बुडाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर खडूच्या खुणा. केर काढताना एखादी पुसली गेली की घरात फेरमोजणी सुरू. काम सकाळी सात ते नऊ, कारण उजेड एकच हवा. तेवढा वेळ पंखा बंद, कारण फूल हलतं. कुकरची शिट्टी बंद, कारण फूल दचकतं. नऊच्या ठोक्याला फुलावर टोपली पालथी घालायची, टोपलीवर ओलं फडकं टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तिकडे कुणी फिरकायचंसुद्धा नाही.

"त्याला विश्रांती लागते," जैसेथे सांगत.

"आणि मला?" काकू विचारत. जैसेथे टोपलीवरचं फडकं सारखं करत.

घोडं पेंड खाई ते वेगापाशी. दोन तासांत एक पाकळी, हा त्यांचा वेग. पाच पाकळ्या, मधली केसराची दांडी, एक पान, म्हणजे झाले सात दिवस. आणि काढायची ती जास्वंद, जी सकाळी उमलते आणि संध्याकाळी मान टाकते. साहजिकच पहिली पाकळी टवटवीत, दुसरी मरगळलेली, तिसरीच्या चिंध्या. डावीकडून बघावं तर फूल, उजवीकडून बघावं तर फडताळातलं फडकं.

"अहो, टिकणारं एखादं फूल घ्या की!"

"टिकतं ते काढण्यात काय कौतुक?"

"मग रोज नवं ठेवा."

"व्हॉल्व्ह बदलून नकाशा काढतात का?" इथे चर्चा संपायची.

शहरात पुष्पचित्र मंडळ होतं. त्याच्या वार्षिक प्रदर्शनात 'प्रत्यक्ष फुलावरून' नावाचा विभाग होता आणि तिथे भिंतीवर एक जागा मिळावी, एवढंच जैसेथ्यांना हवं होतं. आठ वर्षं आठ चित्रं गेली, आठही परत आली. आठव्याच्या पाठीवर कुणीतरी लिहिलं होतं, 'फुलाची प्रकृती बरी नव्हती काय?' त्यानंतर तीन आठवडे खडूच्या खुणांमधली खुर्ची रिकामी राहिली. जैसेथे भिंतीकडे तोंड करून बसत. काकूंनी भर सात वाजता मुद्दाम तीन शिट्ट्या केल्या, तरी हूं नाही की चूं नाही. तेव्हा मात्र काकू घाबरल्या.

नवव्या वर्षी ते म्हणाले, "यंदा शेवटचं. भिंत मिळाली नाही तर रंग कपाटात आणि किल्ली तुझ्याकडे."

काकूंना एकाच वेळी भिंतीकडे तोंड केलेला नवरा दिसला आणि लेबलं लावलेले डबे दिसले. यातलं जास्त भयंकर काय, हे त्यांना ठरवता येईना.

पहिल्या दिवशी पहिली पाकळी झाली. दुसऱ्या दिवशी पावणेसातला काकूंनी टोपली उचलून पाहिलं. फूल मिटून, गुंडाळून, भिजलेल्या वातीसारखं लोंबत होतं. न्हाणीघरात जैसेथ्यांचं खाकरणं सुरू झालं होतं, म्हणजे हाताशी चार मिनिटं. काकू पदर खोचून मागच्या दारी गेल्या, झाडावरचं पहिलं दिसलेलं फूल तोडलं, विणायच्या सुईनं देठाची लांबी मापली, बाटलीत खोचलं, टोपली घातली आणि चहाच्या आधणाकडे एकटक बघत उभ्या राहिल्या.

सातला टोपली उघडली. जैसेथे खुर्चीतून उठलेच.

"अगं, इकडे ये! कालचं फूल बघ!"

"कालचंच आहे?" काकूंनी आधणाकडे बघतच विचारलं.

"मग आणखी कुठलं? गोळीनं काम केलं!"

आदल्या दिवशी जैसेथ्यांनी बाटलीतल्या पाण्यात डोकेदुखीची अर्धी गोळी आणि चिमूटभर साखर टाकली होती. झालं! काकू रोज पावणेसातला जास्वंद तोडत आणि जैसेथे रोज सातला विज्ञानाला दाद देत. काकूंना वाटे, आज ओळखतील, उद्या ओळखतील. ज्या माणसाला चिमटीएवढा सरकलेला खुर्चीचा पाय कळतो, त्याला अख्खं फूल बदललेलं कळू नये? पण कळलं नाही. सातव्या दिवशी चित्र पुरं झालं. पाचही पाकळ्या ताज्या, लालभडक, जणू आत्ताच उमलल्यात.

मधल्या काळात जैसेथ्यांनी शेजारणीलाही गोळीची कृती सांगून टाकली होती. ती चौथ्या दिवशी कुंपणापाशी आली. "काका, माझं तर संध्याकाळीच मान टाकतंय हो."

"गोळी कुठल्या हातानं टाकलीत?" जैसेथ्यांनी गंभीरपणे विचारलं. काकू घाईनं आत गेल्या.

अर्जावर छापलं होतं: 'हे चित्र मी माझ्यासमोरील एकाच जिवंत फुलावरून काढले आहे.' जैसेथ्यांनी खाली सही ठोकली आणि शेजारी आपणहून लिहिलं, 'पाहिले, जैसे थे काढले.' काकूंनी ती ओळ दोनदा वाचली. सांगावं, तर रंग कपाटात जाणार. न सांगावं, तर नवऱ्याची एकतीस वर्षांची सही खोटी. दोन रात्री त्या छताकडे बघत पडल्या.

निवडीच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात चित्रकार आपापल्या चित्राशेजारी उभे होते. परीक्षक होत्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. गळ्यात साखळी आणि साखळीला भिंग. इतर चित्रांपुढे त्या मिनिटभर थांबल्या. जैसेथ्यांच्या चित्रापुढे थांबल्या, वाकल्या, भिंग लावलं आणि वाकलेल्याच राहिल्या.

"किती दिवस काढत होतात?"

"सात."

"एकाच जास्वंदीवरून?"

"त्याची कृती आहे माझ्याकडे," जैसेथे खुलले. "अर्धी गोळी, चिमूटभर साखर..."

"थांबा. पंख्याची पाती बघितलीत कधी? प्रत्येकीची एक कड वर, एक खाली, सगळ्यांची एकाच बाजूला. जास्वंदीच्या पाकळ्या तशाच असतात. कुठल्या फुलात उजवीकडे चढतात, कुठल्यात डावीकडे. एकाच झाडाला दोन्ही प्रकारची फुलं येतात. पण एकाच फुलात दोन्ही? कधीच नाही. तुमच्या तीन पाकळ्या उजवीकडे चढल्यात आणि दोन डावीकडे. आणि ही कीड लागलेली कड तिच्या शेजारणीच्या कडेशी जुळतच नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मंडळाचे चिटणीस अर्ज उघडून ते वाक्य मोठ्यानं वाचायला लागले. जैसेथ्यांचे कान लाल झाले.

"मी समोर होतं तेच काढलं! माझ्या समोर दुसरं फूल नव्हतंच!"

"मग हे फूल जगात नाही," चिटणीस म्हणाले.

"होतं," काकू म्हणाल्या. आवाज एवढा मोठा निघाला की त्यांच्या त्याच दचकल्या. "मी बदलत होते. रोज. सहा वेळा बदललं."

जैसेथे वळले. चेहरा असा, की भिंतीकडे वळलेलाच बरा होता.

"मला कळलं कसं नाही?"

"माझ्या चष्म्याची काडी मोडून वर्ष झालं, दोरा बांधलाय. ते कळलं का?"

सभागृह हसलं. प्राध्यापिका तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पुन्हा वाकल्या होत्या.

"यांना कळलं नाही, पण यांच्या हाताला कळलं," त्या म्हणाल्या. "दुसरा कुणी असता तर चौथ्या दिवशी त्यानं कडा मनानंच जुळवून टाकल्या असत्या. यांनी रोज समोरचं काढलं. आठवणीतलं एवढंसुद्धा नाही. पहिलं फूल, दुसरं फूल... आकडा अर्जावर नव्हता, पण मला चित्रात मोजता आला असता."

"तरी नियम एका फुलाचा आहे," चिटणीस म्हणाले.

"द्या तो अर्ज इकडे," जैसेथे म्हणाले. काकूंना वाटलं, आता फाडणार. त्यांनी खिशातून पट्टी काढली, 'एकाच' हा शब्द सरळ रेघेनं खोडला, वर 'सात' लिहिलं आणि खोडाखोडीवर सही केली. मग थोडं थांबून खाली भर घातली: 'फुले ठेवणार: पत्नी. न सांगता.'

'प्रत्यक्ष फुलावरून' विभागात चित्र बसेना. शेवटी ते बाहेरच्या बोळात लागलं, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि आग विझवायचा लाल डबा यांच्या मधोमध. पण भिंत ती भिंत. तीन दिवस जैसेथे नळावर आलेल्या प्रत्येक तहानलेल्या माणसाला सातही फुलं पट्टीनं वेगवेगळी दाखवत होते. माणसं आधी पाणी पीत आणि मग पळ काढत. नळाचा पाइप कुठून आलाय, हेही त्यांनी दोघांना सांगितलं.

सोमवारी घरी पुन्हा टेबल लागलं. काकू पावणेसातला सवयीनं उठल्या आणि मागच्या दाराकडे निघाल्या.

"आज डावीकडे चढणारं आण," आतून हुकूम आला. "आणि तोडायच्या आधी मला दाखव."

"मी काय तुमच्या खात्यातली शिपाई आहे? स्वतः उठा आणि बघा!"

जैसेथे उठले. अर्धा तास झाला तरी आत येईनात. काकू चहा घेऊन बाहेर गेल्या, तर हे झाडापुढे उकिडवे बसलेले, हातात काही नाही.

"अगं, यातलं एकसुद्धा दुसऱ्यासारखं नाही. कुठलं तोडू?"

"तोडूच नका."

त्यांनी बराच वेळ काकूंकडे पाहिलं. मग चष्म्याकडे. मग दोऱ्याकडे.

"हा दोरा निळा आहे," ते म्हणाले.

"पाहिलंत?"

"पाहिलं. दुपारी दुकानात जाऊ. आधी खुर्ची बाहेर आणतो." आणि अंगणातल्या फरशीकडे बघत त्यांनी हात पुढे केला. "खडू दे."